दुसऱ्या कंपनीची झांज

बनारसमध्ये मी वाद्यं दुरुस्त करतो असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच हात जोडतो. त्याला वाटतं, तबल्याला शाई भरणारा किंवा सतारीची जवारी काढणारा कोणी थोर कारागीर दिसतोय. मग मी सांगतो की माझी वाद्यं विजेवर चालतात, आणि ते जोडलेले हात हळूच खाली येतात. चाळीस वर्षं हे हात खाली येताना पाहिलेत. आता त्याचं काही वाटत नाही, असं लिहायची पद्धत आहे. पण वाटतं.

माझं दुकान मंगला गौरीच्या गल्लीत होतं आणि घर ब्रह्मा घाटावर. आमच्या घराण्यात वेदपठणाचं काम चालत आलेलं. वडील पाठशाळेत शिकवायचे आणि हातात सोल्डरिंग आयर्न धरणारा मी घरातला पहिला. वडिलांना त्याचा विटाळ नव्हता, फक्त एक गोष्ट त्यांना खपायची नाही. मी सर्किटचं चित्र कागदावर काढून ठेवलं की ते म्हणायचे, "लिहून ठेवलंस म्हणजे विसरायची तयारी केलीस." त्यांच्याकडे सगळं तोंडी. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने ते दोनदा म्हणायचं, याला संथा म्हणतात. अशी संथा घेत घेत माणूस सगळा ग्रंथ डोक्यात साठवतो. मी वेद शिकलो नाही, पण ती सवय अंगात मुरली. पुढे माझ्या दुकानात हजारो वस्तू आल्या आणि गेल्या. एकीवरही कधी चिठ्ठी चिकटवली नाही. कुठल्या कीबोर्डचा कुठला स्क्रू कुठल्या डबीत आहे, ते मला पाठ असायचं.

दुसरे गुरू म्हणजे चौकातले रेडिओवाले उस्ताद. त्यांची शिकवण वेगळी होती. "देखो सदा, खोलने वाले को पता नहीं चलना चाहिए कि पहले कोई खोल चुका है." काम असं करायचं की काम केलंय हे दिसू नये. टाका दिसला की ते मान फिरवायचे. मला या दोन्ही गुरूंचा फार अभिमान होता. आता जे सांगणार आहे ते या दोघांच्या शिकवणीतूनच झालं, आणि दोष त्यांचा नाही, माझा आहे.

त्याआधी थोडं धंद्याविषयी. या गावात वीज आणि देव एकत्र नांदतात. देवळात आरतीला माणसं मिळत नाहीत म्हणून एक यंत्र असतं, बटण दाबलं की नगारा, घंटा आणि झांजा आपोआप बडवणारं. त्यातलं एक यंत्र आरती संपली तरी थांबेना, तेव्हा पुजारी महाराज ते चालू अवस्थेतच हातगाडीवर घालून माझ्याकडे घेऊन आले. बॅटरीही होती त्याला. गल्लीभर लोक नमस्कार करत होते. दुसरे एक वृद्ध गवई आपली इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी घेऊन आले आणि म्हणाले, "ये झूठ बोल रहा है." मी कानाने ऐकलं, काही कळलं नाही. यंत्र लावून मोजलं तर पंचम अगदी केसभर उतरलेला निघाला. त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडलो. अशा गमती पुष्कळ आहेत, आणि हा लेख मागणाऱ्या संपादकांना खरं तर त्याच हव्या होत्या. माझ्या मनात मात्र गेली दोन वर्षं एकच काम घोळतंय.

दिनकरराव आमच्याच गल्लीतले, बँकेतून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, विधुर. त्यांना एकच मुलगी, मृणाल. ती ड्रम वाजवायची. मराठी घरात, तेही मंगला गौरीला, मुलगी ड्रम वाजवते म्हटल्यावर काय काय बोललं गेलं ते मी लिहीत नाही. सुरुवातीला दिनकररावच सगळ्यांत जास्त बोलायचे. मग एकदा त्यांनी तिला कॉलेजच्या कार्यक्रमात ऐकलं, आणि माणूस फिरला. त्यानंतर तिचं स्टँड तेच उचलायचे, गच्चीवरच्या खोलीत ती सरावाला बसली की जिन्यात बसून मांडीवर ठेका धरायचे. "सदाभाऊ, पोरीची सम ऐकलीत का? बाणासारखी येते," असं मला रस्त्यात थांबवून सांगायचे.

तिच्याकडे इलेक्ट्रॉनिक ड्रम होता. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत चिकटलेली, खरा ड्रम वाजवला तर शेजारी पोलिसात जातील. इलेक्ट्रॉनिक ड्रममध्ये नुसत्या रबराच्या थाळ्या असतात. आवाज तयार होतो तो एका डब्यात आणि तिथून कानातल्या हेडफोनमध्ये जातो. या डब्याला मोड्यूल म्हणतात. आमच्याकडे सगळे डिब्बाच म्हणतात. बाजूला स्टँडवर टांगलेल्या झांजेसारख्या थाळ्यांना सिंबल म्हणतात. त्यातली एक क्रॅश, जोराने वाजवायची. दुसरी राइड, मोठी, जिच्यावर ठेका चालतो आणि जिच्या मधल्या घुमटावर काठी पडली की घंटेसारखा आवाज येतो.

मृणालने ड्रमवर तीनताल बसवला होता. समेवर ती क्रॅश मारायची आणि त्याच क्षणी डाव्या हाताने थाळीचा काठ धरून तो आवाज कापायची. सम पडली आणि पुढे एक क्षण सगळं शांत. मी नास्तिकाच्या कानाने ऐकलं तरी अंगावर काटा यायचा.

एका सरकारी खात्यात सांस्कृतिक कोट्यातून वादकाची एक जागा निघाली. वयाची अट अशी की मृणालला ते वर्ष शेवटचं. आपलं वाद्य आपण न्यायचं आणि परीक्षकांसमोर वाजवायचं. लागली तर जन्माची नोकरी, तीही ड्रम वाजवायची. नाही लागली तर दिनकररावांच्या बहिणीने शोधून ठेवलेलं शाळेच्या ऑफिसातलं काम होतंच. तेरा दिवस उरले होते आणि गच्चीवरच्या खोलीची जाळी वाकवून माकडं आत शिरली. बाकी सगळं सोडून त्यांनी दोन्ही सिंबल फाडले. रबराचा वास आवडला असावा.

त्याच कंपनीचे सिंबल मागवायचे तर महिना-दीड महिना लागणार होता. लग्नात वाजवणारी एक पार्टी बंद पडली होती, त्यांच्याकडून मी दोन चांगले सिंबल आणले. फक्त ते दुसऱ्या कंपनीचे होते. दिनकररावांनी विचारलं, "चालेल का हे?" मी म्हणालो, "चालवू."

हे काम बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. पीन सारखी, भोक सारखं, घातली की लागली. पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असते. रबराखाली नाण्याएवढी चकती असते. काठीचा धक्का बसला की ती कणभर वीज सोडते, आणि ती वीज किती आहे त्यावरून डिब्बा ठरवतो की आवाज मोठा काढायचा की लहान. थाळीच्या काठात एक पट्टी असते, ती स्विचचं काम करते. पट्टी दाबून धरली की डिब्बा समजतो, कोणीतरी सिंबल हाताने धरलाय, आवाज बंद करा. साधा क्रॅश असेल तर एवढ्यावर भागतं. डब्याच्या यादीत दुसऱ्या कंपनीचं नाव नसतं, म्हणून त्यातल्या त्यात जवळचा प्रकार निवडायचा आणि हलक्या-भारी आघाताचं माप जुळवत बसायचं. खरी गोम राइडची. तिच्यात पृष्ठभाग, काठ आणि घुमट अशा तीन जागा एकाच केबलमधून ओळखायच्या असतात, आणि त्या ओळखण्याची रीत दोन कंपन्यांची एक नसते. घुमटावर काठी पडली तरी डब्याला तो काठच वाटायचा.

तीन दिवस मी त्याच्यामागे होतो. शेवटी राइडच्या केबलच्या पिनेत, झाकणाच्या आत, तांदळाएवढा एक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा तुकडा, बसवला आणि घुमट बोलू लागला. मृणाल दुकानातच होती. तिने काठी टेकवली, घंटा वाजली, आणि ती लहान मुलासारखी हसली. क्रॅशची केबल साधीच ठेवली. मात्र एक धोका होता, आणि तो मला पूर्ण माहीत होता. रेझिस्टरवाली केबल चुकून क्रॅशला लागली, तर डब्याला सतत वाटत राहणार की कोणीतरी क्रॅश हाताने धरून ठेवलाय. मग कितीही जोराने मारा, नुसतं टक्क होऊन आवाज तिथेच मरणार.

दुसऱ्या कुठल्याही मिस्त्रीने काय केलं असतं? लाल टेप गुंडाळला असता. दोन बोटं टेप. मी काय केलं? पिनेचं झाकण काळं, त्यावर काळी नळी इतकी सफाईने चढवली की दोन्ही केबली जुळ्या दिसाव्यात. उस्ताद असते तर पाठ थोपटली असती. आणि मग मृणालला समोर बसवून संथा दिली. "सरळ पट्ट्याची पीन राइडला, आडव्या पट्ट्याची क्रॅशला." पट्टा म्हणजे झाकणाखाली धातूवर कारखान्यातूनच आलेली बारीक रेघ, एका पिनेवर सरळ, दुसरीवर आडवी; ती बोटाने लागायची. मी एकदा म्हणालो, तिने दोनदा म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिने डोळे मिटून बोटाने चाचपून बरोबर ओळखलं. मला केवढा आनंद झाला. वाटलं, वडिलांनी हे पाहायला हवं होतं.

शिष्याला पाठ झालं म्हणजे झालं, अशी आमची समजूत. केबल दुसऱ्या कोणाच्या हातात जाऊ शकते हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही.

परीक्षेनंतर दोन दिवसांनी दिनकरराव दुकानात आले. उभेच राहिले. म्हणाले, "सदाभाऊ, तुमचं काम चोख होतं. पोरगीच कच्ची निघाली. घाबरली. मी दाराबाहेर कान लावून होतो. समेवर हात पडायचा आणि नुसतं टक्क, टक्क. चार सम अशाच गेल्या. त्यांनी बस म्हणून सांगितलं. बाहेर आली तर म्हणे, बाबा, हात गळाले. एवढी वर्षं घालवली मी तिच्यामागे."

टक्क हा शब्द ऐकला. मला त्याच क्षणी कळलं. मी तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "होतं असं. परीक्षेचं दडपण असतं."

हे वाक्य मी एका माणसाखेरीज आजवर कोणाला सांगितलेलं नाही. चाळीस वर्षांत माझ्या हातून बरंच बिघडलं, एका कीबोर्डचा कोळसाही केला, पण खोटं बोललो नव्हतो. का बोललो? नाव जाईल म्हणून. सदा मास्टरचं काम चुकत नाही असं गल्ली म्हणायची, आणि मलाही ते ऐकायची सवय झाली होती. दुसरं कारण शोधत बसलो तर ते खोटंच असेल.

मृणाल शाळेच्या ऑफिसात लागली. रोज सकाळी डबा घेऊन माझ्या दुकानावरून जायची. "काका, कसे आहात?" म्हणायची. मी "बरा" म्हणायचो. ड्रम तिने विकून टाकला. विकायच्या आधी तो तपासून देण्यासाठी माझ्याकडेच आला, आणि मी त्या दोन केबली उलट लावून एकदा वाजवून पाहिलं. टक्क. सुलट लावलं, खणखणीत. मग तो रेझिस्टर काढून टाकला. गल्लीत कोणी विचारलं तर दिनकरराव म्हणायचे, "तिला ते झेपलं नाही." मुलीच्या देखत म्हणायचे. ती खाली मान घालून भाजी निवडत बसायची, हे मी स्वतः पाहिलंय.

अकरा महिने मी हे पाहिलं. मग आमच्या घरी गणपती बसले. आरतीला दिनकरराव आणि मृणाल आले. आरती चालू असताना कोणीतरी मृणालच्या हातात झांजा दिल्या, तर ती म्हणाली, "नको, मला नाही जमत." ते ऐकल्यावर मला अन्न गोड लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवून त्यांच्या घरी गेलो. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

मृणाल कामावर गेली होती. मला वाटलं, बरंच झालं. बापाच्या डोळ्यातून ती उतरलीय, तेव्हा बापालाच सांगावं. मी सगळं सांगितलं. रेझिस्टर, जुळ्या केबली, टक्कचं कारण, आणि माझं खोटंही. म्हणालो, "दिनकरराव, तिचा हात गळाला नव्हता. ती बरोबर वाजवत होती. केबली उलट लागल्या होत्या. तिथल्या माणसांनी मांडामांड करताना लावल्या असतील. मी खूण करायला हवी होती. मला काय बोलायचं ते बोला."

 ते म्हणाले, "तिथली माणसं नव्हती."

"म्हणजे?"

"मांडामांड करण्यापुरती एकाला सोबत आत जायची परवानगी होती. तिला सही करायला बोलावलं. नंबर लवकर आला होता. मी म्हटलं, तू जा, मी जोडतो." ते आपल्या हातांकडे बघत होते. "ती येऊन बघायला लागली, तर मी म्हटलं, सगळं झालंय, बस आणि वाजव. रोज मीच तर जोडायचो घरी. माकडांच्या आधी."

 चहा केलेला होता, तो तसाच ठेवून मी उठलो. त्यांनी दारापर्यंत यायची रीत कधी सोडली नव्हती. त्या दिवशी ते आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणाल दुकानात आली. डबा काउंटरवर ठेवला.

"काका, काल तुम्ही घरी आला होतात."

"हो. तुझी चूक नव्हती, हे सांगायला आलो होतो."

"मला मालूम होतं."

"कसं?" मी विचारलं.

"केबली समेटून पिशवीत भरताना बघितलं मी," ती म्हणाली. "बोट फिरवलं की कळलं. तुमची संथा पाठ होती ना. पण बाबा दारात उभे होते, स्टँड उचलायला. त्यांना काय सांगणार? मी म्हटलं, हात गळाले."

"अगं, पण वर्षभर ते तुला बोलत होते."

"बोलू देत ना. दोन महिने तर नीट बोललेही नाहीत. पण माझ्यावर रागावून ते जेवत होते काका, झोपत होते, फिरायला जात होते. लोकांना माझी शिकायत सांगत होते. ठीक चाललं होतं आमचं." ती थांबली. "काल रात्री जेवले नाहीत. आज सकाळी विचारतात, मृणाल, तू तेव्हाच का नाही बोललीस? मी काय जवाब देऊ?"

मी म्हणालो, "मला वाटलं, तुझ्यावरचा डाग जाईल."

"आधी मला विचारायचं ना काका. एकदा." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. डबा उचलून ती कामावर गेली.

तिला विचारायला ती घरी होती कुठे, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. पण ती रोज सकाळी माझ्या दुकानासमोरून जात होती. अकरा महिने. विचारलं नाही, कारण माझं ओझं उतरवायची मला घाई झाली होती, आणि ते उतरवायला मी नेमका तिच्या बापाचा खांदा निवडला. चूक कबूल केली की सगळं नीट होतं, असं आपण मुलांना शिकवतो. माझ्या कबुलीने एका मुलीने वर्षभर गप्प राहून जे सांभाळलं होतं ते एका सकाळीत मोडलं. ती नोकरी कधीच गेली होती, ड्रम गेला होता. उरलेली एकच गोष्ट तिने स्वतःच्या हिमतीवर वाचवली होती.

दुकान मी त्या दिवाळीला बंद केलं. लोक विचारतात तेव्हा डोळ्यांचं कारण सांगतो, म्हणजे पुन्हा खोटंच. तशीही आता दुरुस्ती कोणाला नको असते, नवीन घेतात. माझ्या डोक्यात अजून सगळ्या स्क्रूंच्या जागा पाठ आहेत, आणि त्याचा कोणाला काही उपयोग नाही.

दिनकररावांकडे मी जात नाही. त्यांच्या शेजारच्या काकू कधी भेटल्या तर सांगतात. ते आता मुलीविषयी कोणाजवळ काही बोलत नाहीत, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. संध्याकाळी मृणाल कामावरून घरात शिरली की ते खुर्चीतून उठून उभे राहतात, साहेबासमोर उभं राहावं तसे. ती म्हणते, "बाबा, बसा ना." ते हो म्हणतात आणि उभेच राहतात, ती आतल्या खोलीत जाईपर्यंत.